दातांचे औषध

६ जानेवारी १९७४, रविवार

पलटणीत असताना रोज संध्याकाळी रेशन स्टोअरची नोंद लिहायची, खाली सही करायची आणि मगच ताटावर बसायचे, अशी सवय होती. पेन्शनीत येऊन चार वर्षे झाली, तरी सही केल्याशिवाय जेवण अंगी लागत नाही. म्हणून आजपासून घरची नोंद. यात खरे तेच लिहायचे. वाचणारे कोणी नाही, त्यामुळे ते जमायला हरकत नाही.

सद्य परिस्थिती. आमच्या कुटुंबाची, म्हणजे हिची, तब्येत गेल्या श्रावणात बिघडली. ताप नाही, खोकला नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून बसायची. भाकरी थापता थापता हात थांबला की थांबला, मग तव्याचा धूर होवो नाहीतर घर जळो. बोलणे बंद. मी हुकूम देऊन पाहिले, गोडीत घेऊन पाहिले, रेडिओ विकत आणला. उपयोग शून्य. अखेर दिवाळीनंतर हिला सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळ्या दिल्या. आणि मागच्या आठवड्यात हिने तोंड उघडले ते थेट, "त्यो रेडिओ आदी बंद करा" म्हणून. मला हवालदारीची फीत मिळाली तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

मात्र ही गोष्ट गावात फुटता कामा नये. विजयमाला लग्नाची आहे. आई डोक्याच्या गोळ्या खाते असे एकदा पसरले की पोरीला कोण पाहायला येणार? त्यामुळे आम्ही सांगलीला दातांसाठी जातो, असे जाहीर केले आहे.

१३ जानेवारी

शेजारच्या बनुबाईने आज हिला उन्हात बसवून तोंड उघडायला लावले आणि आत डोकावून पाहिले. हिचे दात म्हणजे कणसाचे दाणे. एकही किडलेला नाही. बनुबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, हवालदार, हितं तर काय बी न्हाई. मी तत्काळ सांगितले की दात माझे दुखतात, ही सोबतीला येते. योजना ऐनवेळी बदलता आली पाहिजे.

२१ जानेवारी, सोमवार

सांगली. पहिल्या एस.टी.ने गेलो. डॉक्टर हिच्यावर खूष. गोळ्या चालू ठेवायच्या. त्यांनी पुन्हा पथ्य सांगितले. चीज खायचे नाही. चीज मी चांगले ओळखतो, ऑफिसर मेसचे डबे मीच वाटत होतो. आमच्या गावात ते कुठून येणार? म्हणजे हे पथ्य आपोआप पाळले जाईल. दुसरे म्हणजे दुखणे थांबवणारी कोणतीही सुई, साधे खोकल्याचे औषधसुद्धा, त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तर आधी या गोळ्यांचे सांगायचे. नाहीतर जिवावर बेतेल म्हणाले. मी मान हलवली. प्रत्येक स्टोअरकीपर आपल्या मालाबद्दल असेच बोलतो, दुसऱ्याच्या स्टोअरमधून उचललेले त्याला खपत नाही. मीही तेच करत होतो.

परत येताना बनुबाईची आठवण झाली. पुराव्याशिवाय गावात शिरणे धोक्याचे. म्हणून दंतवैद्याकडे गेलो आणि एक दाढ काढून घेतली. दंतवैद्य म्हणाला, ही दाढ चांगली आहे. मी म्हटले, असू द्या, काढा. ही बाहेर बाकावर बसली होती. मी तोंडात कापूस धरून आलो, तेव्हा पदरात तोंड घालून खूप हसली. श्रावणापासून पहिल्यांदा हसली. दाढ सार्थकी लागली.

२७ जानेवारी, रविवार

विजयमालाला पाहायला पलीकडच्या गावचे लालासाहेब आले. साखर कारखान्यात त्यांचा शब्द चालतो, घरची जीप आहे. मुलगा हंबीरराव पलटणीत क्लार्क. मुलगी पसंत दिसली, पण लालासाहेबांनी 'कळवतो' एवढेच म्हटले. कळवतो म्हणजे काय ते मला कळते. आमच्या घराला नाव नाही, एवढेच त्यांच्या मनात असणार.

ही म्हणाली, पोरीच्या मामाला बोलवायला हवे होते. मामा म्हणजे हिचा भाऊ अर्जुना, तिकडे माण तालुक्यात, हिच्या माहेरी, मेंढरे राखून असतो. पेन्शन घेऊन आलो त्या दिवशी भरल्या पंगतीत या माणसाने मला विचारले होते, "दाजी, लढाईत तुमी बटाटंच वाटलं न्हवं?" पंगत हसली. वाटले हे खरे आहे, पण ते वाटल्याशिवाय लढाई होत नाही. तेव्हापासून त्याचे येणे बंद आणि हिचे जाणे बंद. यावर आता चर्चा नको.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस मोठा आहे. सावकाश लिहितो.

सकाळी अकराच्या सुमारास हिच्या कुशीत कळ उठली. गडाबडा लोळायला लागली. सिकंदर डॉक्टरांना बोलावले. त्यांचा दवाखाना चावडीजवळ आहे, माणूस सरळ आहे. पोट दाबून म्हणाले, मुतखडा दिसतोय. पेथिडीन नावाची सुई देतो, कळ थांबेल. सुई उकळता उकळता त्यांनी विचारले की आणखी कोणते औषध चालू आहे का? बनुबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. मी म्हटले, दातांचे.

दातांचे कोणते?

नुसते दातांचे, म्हटले.

त्यांच्याकडे पूर्ण मात्रा शिल्लक नव्हती, होती त्यातली अर्धी दिली आणि बाळंतपणासाठी मळ्याकडे निघून गेले. मग काय झाले? हिची कळ थांबायच्या ऐवजी अंगाला थरथर सुटली. पाय आपोआप उडायला लागले. डोळे फिरले. घामाने चोळी चिंब. तोंडाने पुटपुट चालू. बनुबाईंनी एकदा पाहिले, हात जोडले आणि रस्त्यावर जाऊन सांगितले की गावदेवी जानाईची स्वारी आलीया.

पंधरा मिनिटांत अंगण भरले. जोतिबा गुरव देवळातून भंडारा घेऊन धावत आले. हलगी आली. हिच्या कपाळावर मळवट भरला. गुरव म्हणाले, कुणी अंगाला हात लावू नका, पाणी देऊ नका, आई बोलतीया, ऐका. सगळे ऐकायला लागले. मीही ऐकले. जे ऐकले ते येथे शब्दशः देतो.

"मला माणाकडं जाऊ द्या. हितं ऊस अंगावर येतुया. बटाट्यापायी चार वरसं झाली, बटाट्यापायी."

गुरवांनी अर्थ लावला. आईची नजर माणाच्या दिशेला आहे, देवळाची भिंत आड येते. आणि चार वर्षे आईला बटाट्याचा नैवेद्य पोचलेला नाही. यापूर्वी कधी पोचला होता का, असे एका म्हाताऱ्याने विचारले. गुरव म्हणाले, तेच तर आई म्हंतीया.

दिवेलागणीला स्वारी उतरली. ही निपचित पडली आहे. मी अंगणात उभा होतो, आणि ज्या लोकांनी चार वर्षांत मला 'बटाटे हवालदार' म्हटले त्यांनी एकेकाने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी पडू दिले. खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहिले.

१५ फेब्रुवारी

ही उठून बसली. अजून बोटे कापतात. मला म्हणाली, "आवं, देवी न्हवती ती. अंगात इस्तू पेटला हुता. मरती का काय वाटलं. सिकंदर डाक्टरला गोळ्यांचं सांगून टाका."

ज्याच्या अंगात येते त्याला ते कळत नाही, हे सर्वांना माहीत आहे. मी तसे समजावले. हिने भिंतीकडे तोंड केले. पण झोपण्यासाठी, असे वाटते.

२० फेब्रुवारी

लालासाहेबांची जीप. सोबत घरची मंडळी, साडी, नारळ. लालासाहेब जोडे बाहेर काढून आत आले. मागच्या वेळी जोड्यांसकट बसले होते. म्हणाले, देवीच्या घरची पोरगी आमच्या घरात येणार म्हणजे आमचंच नशीब. लग्न ठरल्यात जमा. साखरपुडा चैत्रातल्या जत्रेत, देवीसमोर.

मी दिवसभर छाती काढून चाललो.

३ मार्च

बटाटे. दर मंगळवारी, शुक्रवारी लोक नैवेद्य आणून टाकतात. ओसरी भरली, न्हाणीघराशेजारची खोली भरली. बाकी काही असो, बटाट्याची साठवण मला शिकवायला नको. खाली वाळू, वर पोती, हवा खेळती. मोड आलेले वेगळे. गावाने पहिल्यांदा माझे खरे काम पाहिले. देवळाला माणाच्या बाजूने खिडकी पाडायचे काम सुरू झाले आहे, गवंडी लागला आहे.

ही बटाट्यांकडे नुसती पाहते. बटाट्याची भाजी मात्र खात नाही.

१२ मार्च, मंगळवार

पंचांनी विचारले की जत्रेत आईची स्वारी येईल ना? पाच गावची माणसे येणार, स्वारी आलीच पाहिजे. मी सर्व बाजूंनी विचार केला. गेल्या महिन्यात कळ आली, मग सुई, मग देवी. नुसती कळ मागेही एकदा आली होती, तेव्हा देवी आली नाही. म्हणजे देवीला सुई लागते. मला हा शोध महत्त्वाचा वाटतो. शेवटी देवीच्या हातात त्रिशूळ असतो. तेही टोकदार लोखंडच. पंचांना सांगितले तेव्हा त्यांनाही पटले. गुरव म्हणाले, आजवर कुणाच्या ध्यानात आलं न्हवतं.

विजयमालाला मात्र पटले नाही. मॅट्रिक झाल्यापासून तिला फारसे काही पटत नाही. "आबा, देवीला सुई लागत न्हाई. आईला सुई बाधतीया. डाक्टरांस्नी सांगा." मी म्हटले, साखरपुडा होऊ दे, दुसऱ्याच दिवशी सांगतो. ती म्हणाली, मला नको तसला साखरपुडा. मुली असे म्हणतातच.

१८ मार्च

सांगलीला जायचे होते. गोळ्या आणायला मी एकटाच गेलो, कारण हिला पाहायला माणसे येतात. डॉक्टरांनी विचारले, काही त्रास? मी म्हटले, काही नाही. स्वारीचे त्यांना सांगितले नाही. शिकलेल्या माणसांना अशा गोष्टींचे वावडे असते.

४ एप्रिल, गुरुवार

हिला कालपासून पुन्हा बारीक बारीक कळा. खडा सरकतोय. जत्रा परवा. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. सिकंदर डॉक्टरांना जत्रेत हजर राहायची विनंती केली. म्हणाले, येतो, या वेळी पूर्ण मात्रा आणतो, मागे अर्धीने बाईंना आराम पडला नव्हता असं ऐकलं, फार थरथरत होत्या म्हणे.

ही आज माझ्यासमोर येऊन बसली. लग्न झाल्यापासून अशी समोर कधी बसली नव्हती. म्हणाली, "मी पोरीसाटी कळ सोशीन. सुई नगं." मी म्हटले, बरं. पण त्यात माझा होकार नव्हता, नुसते 'बरं' होते.

७ एप्रिल, रविवार. मिरज

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. काल सही केली नाही.

काल मांडवात सकाळपासून माणूस मावत नव्हता. लालासाहेब मंडळी पुढे, गादीवर. साखरपुड्याचे ताट तयार. दहाला हिला कळ आली. मोठी. ओठ चावून रक्त आले तरी ओरडली नाही. मलाच ते बघवेना. हे खरे आहे, जत्रेसाठी नव्हे, मला बघवेना. मी डॉक्टरांना हात केला.

सिकंदर डॉक्टर सुई भरून थांबले. या वेळी त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "हवालदार, मागच्या वेळचं मला काही बरोबर वाटलं नाही. खरं सांगा, दुसरं कसलं औषध चालू आहे? कसलंही?"

बाजूला म्हणजे तरी कुठे? लालासाहेब हातभर अंतरावर होते, पान जुळवत. मी त्यांच्याकडे पाहिले. ही माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटले, काही नाही.

सुई दिली. हलगी सुरू झाली. आणि स्वारी आली. आली ती मागच्यापेक्षा दसपट. दातखीळ बसली. हातपाय ताठ, गुडघे एकसारखे उडत होते. मांडवात जयजयकार. लोक लोटांगण घालत होते. गुरव ओरडत होते, हात लावू नका. मी हात जोडून उभा होतो आणि हिच्या अंगावरून येणारी झळ माझ्या हाताला लागली. उभ्या ठिकाणी लागली. मी गुरवांना न विचारता कपाळाला हात लावला. तापल्या तव्याला लावावा तसा तो मागे आला.

राजस्थानात मे महिन्यात कवायत करताना नवे रंगरूट असे तापून पडायचे. डोळे असेच. आधी घाम, मग बडबड, मग ताठ. त्यांतले दोन परत उठले नव्हते, त्यांचे रेशन मी स्वतः कमी केले होते. ते रंगरूट काही देवीचे भक्त नव्हते.

मी अभिषेकाची घागर उचलली आणि हिच्या डोक्यावर ओतली. हलगी थांबली. मग मी ओरडलो. कवायतीच्या मैदानावर जसा ओरडायचो तसा. "ही देवी न्हाई. माज्या बायकूला डोक्याच्या गोळ्या चालू हायत. मनाच्या. सांगलीच्या डाक्टरच्या. मी लपवलं. दातांचं म्हणून खोटं सांगितलं."

क्षणभर मला वाटले की आता आभाळ कोसळणार. तर मांडवातून कुणीतरी म्हणाले, बघा, किती नम्र माणूस! दुसरा म्हणाला, देवी घरात असून स्वतःकडे कमीपणा घेतो. बनुबाई डोळे पुसत माझ्या पाया पडल्या. मी पुन्हा ओरडलो, दाढसुद्धा चांगली होती म्हटले. तेव्हा गुरव म्हणाले, आता हवालदाराच्या बी अंगात आलंया. आणि हलगी पुन्हा सुरू झाली. हलगी माझ्यासाठी वाजत होती.

एवढ्या माणसांत एकट्या सिकंदर डॉक्टरांनी माझे ऐकले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. हातातले सगळे टाकून ते म्हणाले, जीप कुणाची आहे?

जीप लालासाहेबांनीच चालवली. मागे मी, विजयमाला आणि डॉक्टर ओली धोतरे हिच्या अंगावर बदलत होतो. फाट्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉलीतून गाव आमच्या मागे हलगी वाजवत आले. देवी सीमोल्लंघनाला निघाली असे त्यांना वाटले. वाटेत डॉक्टरांनी सारखे विचारले, गोळीचा रंग कोणता, नाव काय, किती दिवस. मी सगळे सांगितले. लालासाहेबांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

हिला बर्फात ठेवले आहे. अजून डोळे उघडलेले नाहीत.

८ एप्रिल

सांगलीचे डॉक्टर मुद्दाम येऊन गेले. मला वाटले होते ओरडतील. ते शांतपणे म्हणाले की ही गोळी आणि पेथिडीन एका अंगात भेटली की दोघांचे मिळून विष होते. दोन्ही औषधे चांगली. गाठ घालून देणारा माणूस मधे लागतो. मागच्या वेळी मात्रा अर्धी होती म्हणून वाचल्या, एवढेच.

मी स्टोअरकीपरची गोष्ट त्यांना सांगितली नाही. लाज वाटली.

बाकावर बसून हिचे ते बोलणे पुन्हा आठवले. माणाकडे जाऊ द्या. बटाट्यापायी चार वर्षे. देवीचा त्यात एक शब्द नव्हता. अख्खे गाव कान देऊन ऐकत होते आणि ते बोलणे फक्त माझ्यासाठी होते. आणि मी काय केले, तर देवळाला खिडकी पाडली.

अर्जुनाला तार केली.

१० एप्रिल

पहाटेपासून ताप उतरला. हिने डोळे उघडले, पाणी मागितले. मी भांडे धरले तर घाईत अर्धे पाणी उशीवर सांडले. मला रडू आले. नर्सबाई म्हणाल्या, आता या बऱ्या आहेत, रडता कशाला? मी उशी बदलायला घेतली.

दुपारी अर्जुना आला. घोंगडी पायथ्याशी ठेवून बहिणीचे पाय चेपत बसला. बटाट्याचा विषय कोणीच काढला नाही.

१२ एप्रिल

लालासाहेब नारळ घेऊन आले. मला व्हरांड्याच्या टोकाला नेले. म्हणाले, "जीपमदी तुमी बोलला ते मी ऐकलं न्हाई. आमच्या भावकीत देवीचं घर म्हणून तुमचं नाव झालंया. गाव बी तसंच म्हंतंय. तुमी फकस्त गप ऱ्हावा. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला करू."

मी विचार करतो म्हटले. गप्प राहायचे, बाकी काहीच करायचे नाही. गप्प राहण्यात मी पक्का आहे. खडा अजून आत आहे, तो पुन्हा दुखणार. पण सिकंदर डॉक्टरांना आता माहीत आहे. मग अडचण कुठे आली? रात्रभर अडचण शोधत होतो.

१५ एप्रिल, सोमवार

अडचण सापडली. हिला घेऊन आज घरी आलो, तर ओसरीवर परगावचे एक कुटुंब बसलेले. सोबत बटाट्याचे पोते आणि एक कंपाउंडर. कंपाउंडरच्या हातात उकळून आणलेली सुई. त्यांचा बैल हरवला होता, देवीला विचारायचे होते. देवीला सुई लागते हे आता पंचक्रोशीत सर्वांना माहीत आहे. शोध माझाच.

मी दारात आडवा उभा राहिलो. ते हात जोडून म्हणाले, आवं हवालदार, थोडंसंच टोचू, बैल सापडंपतूर.

मी त्यांना सांगितले की माझ्या बायकोला मनाचा आजार आहे. ते म्हणाले, ऐकलंय, तुमी लय नम्र हाय. काठी काढली तेव्हा गेले. पोते ठेवून गेले.

नंतर मी घरोघर फिरलो. बनुबाई, पंच, गुरव, सगळीकडे तेच सांगितले. जी गोष्ट लपवण्यासाठी मी जिवंत दाढ काढली, ती आज दारोदार जाऊन पदर पसरावा तशी सांगत होतो आणि एकही माणूस विश्वास ठेवत नव्हता. मी सांगलीला असताना, शेतावर असताना, कोणीही येऊन टोचून जाईल. दर वेळी अर्धीच मात्रा असेल असे नाही.

विजयमालाला लालासाहेबांची अट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आबा, पत्रा आणि रंग आणते. तुमचं अक्षर चांगलं हाय."

१६ एप्रिल, मंगळवार

पत्र्याची पाटी दारावर ठोकली. मजकूर असा : 'सूचना. या घरातील बाई मनाच्या आजारावर गोळ्या घेतात. त्यांना कोणतेही इंजेक्शन देऊ नये. जिवास धोका आहे. येथे देवी येत नाही. हुकमावरून, हवालदार, निवृत्त.'

तासाभरात पाटीला कुणीतरी हळदकुंकू वाहिले. खाली दोन बटाटे.

मी ते पुसले. दुपारी पुन्हा वाहिलेले.

१९ एप्रिल

लालासाहेबांची जीप आली. दारापुढे थांबली. त्यांनी पाटी वाचली, सावकाश, दोनदा. मग जीप तेथल्या तेथे वळवून निघून गेले. विजयमाला दारात उभी होती. तिने धुरळा बसेपर्यंत पाहिले आणि शेण काढायला गोठ्यात गेली. मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो. शेणाची दुसरी टोपली उचलली. ती माझ्या हातातून काढून घेऊन म्हणाली, तुमी घरात जावा, आईपाशी बसा. तिचे डोळे लाल होते. पोरीचे काय होईल मला माहीत नाही. 

जीप वळलेली मात्र अख्ख्या आळीने पाहिली. संध्याकाळी पाटीपुढे पहिल्यांदाच घोळका जमला, आणि पहिल्यांदाच लोक ती वाचत होते. लालासाहेबांसारख्या माणसाने लग्न मोडले म्हणजे काहीतरी खरे असणार. बनुबाई सरळ आत गेल्या आणि हिच्याजवळ बराच वेळ बसल्या.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी ही काठी टेकत दारापर्यंत आली. पाटीवर पुन्हा कुंकू होते, बहुधा परगावच्या कुणीतरी लावलेले. हिने पदराने ते स्वतः पुसले. हिला वाचता येत नाही. म्हणाली, काय लिवलंय ते वाचा. मी मोठ्याने वाचले.

ऐकून अक्षरांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बाई म्हंजी कोण? बाई कुणी बी आसंल. देवी बी बाईच. म्हणून कुक्कू लावत्यात. माजं नाव घाला."

मी इकडे तिकडे पाहिले. आमच्याकडे नवरा बायकोचे नाव घेत नाही. या वहीतसुद्धा मी ते एकदाही लिहिलेले नाही, आता मागची पाने चाळून खात्री केली. मिरजेला नर्सबाईंनी पेशंटचे नाव विचारले तेव्हा माझ्याऐवजी विजयमालाने सांगितले होते.

पाटी खाली उतरवली. रंगाचा डबा आणला. ही उंबऱ्यावर बसून पाहत होती. 'या घरातील बाई' एवढे खोडले. त्या जागी लिहायचे होते तेवढे लिहिले आणि ठोकण्याआधी वाचून दाखवा, असे ही म्हणाली, म्हणून वाचून दाखवले. रस्त्यावर दोन माणसे होती, तरी वाचले. अंजना.